बर्फाची जाडी

आमच्या नदीवर डिसेंबरात रस्ता उगवतो.
उन्हाळ्यात जिथे सामन मासे प्रवाहाला छाती देतात
तिथून हिवाळ्यात दुधाची गाडी जाते,
आणि तिच्या आधी मी जाते,
गिरमिट, पट्टी आणि काळी वही घेऊन.
दर पन्नास पावलांवर एक भोक.
पट्टीची आकडी बर्फाच्या पोटाला खालून लावायची,
वाचायचं, लिहायचं.
साहेबांची एकच ताकीद: कालचा आकडा आज चालत नाही.

माझं नाव हिल्या. आमच्या भाषेत अर्थ, गप्प.

अकरा वर्षांची होते तेव्हा
आमच्या स्वयंपाकघरात सातजण आले.
ह्याला 'काळजीची सभा' म्हणत.
त्यांनी बूट दाराशी काढले, कॉफी घेतली,
आईच्या वेलचीच्या पावाला नावाजलं,
मग एव्हेर्तीकाकांनी बाबांना हळूच विचारलं,
लाकडाच्या खोपटात पोत्याखाली काय आहे?

रेडिओ होता.
बाबा त्यावर हवामान ऐकत,
आणि कधीमधी, आवाज मुंगीएवढा करून, अकॉर्डियन.

रात्री अडीचपर्यंत बाबा उभे.
कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर
निदान कुणाचा राग धरावा ते कळलं असतं.
शेवटी बाबा रडले तेव्हा सगळ्यांनी त्यांना मिठीत घेतलं
आणि स्वयंपाकघर एकदम उबदार झालं.
मलाही बरं वाटलं.
हे सांगायला जीभ रेटत नाही, पण वाटलं.
पोत्याखालचं त्यांना सांगितलं होतं मीच,
रविवारच्या शाळेत, एका चित्राच्या बदल्यात.
चित्रात मेंढरू होतं.

सोडलं म्हणजे दार आपटून वगैरे नाही.
एका रविवारी पोट दुखलं.
पुढच्या रविवारी दुखलं नाही, तरी गेले नाही.
तेव्हापासून मला कुणी 'देवाची शांती' म्हणत नाही.
आमच्यात भेटल्यावर तेच म्हणतात,
परक्याला नुसतं 'नमस्कार'.
आईनं दारात मला 'नमस्कार' म्हटलं,
टपालवाल्याला म्हणावं तसं,
आणि लगेच विचारलं, जेवलीस का.

मग शोधाशोध.
ओउलूत एका खोलीत सहा महिने डोळे मिटून बसले.
सोन्याच्या चित्रांपुढे मेणबत्त्या लावल्या.
एका बाईनं कपाळावर बोट टेकवून सांगितलं,
तुला सगळं आतून ठाऊक आहे.
मला तर परतीची बस किती वाजता तेही ठाऊक नव्हतं.
एक गट फार प्रेमळ निघाला. कॉफीसुद्धा बरी.
मी खुर्च्या मोजल्या: सात,
आणि समोर एक.
कोट उचलला.

रात्री थंडी उणे तीसच्या खाली गेली की
बर्फ जाड होताना आवाज करतो,
लांबून कुणी तार छेडावी तसा, मग पोटातून गुरगुर.
मी दिवा मालवून ऐकते.
त्याला अजून काही नाव दिलेलं नाही.
घाई नाही.

परवा एव्हेर्तीकाका आले, ऐंशी पार, जुनी गाडी.
काच खाली केली. ना शांती, ना नमस्कार.
'धरेल?'
'बेचाळीस. जा. पट्टा लावू नका, काच उघडी ठेवा.'
त्यांनी पट्टा सोडला
आणि माझ्या आकड्यावरून पलीकडे गेले.
मी बघत राहिले. हातात गिरमिट,
आणि मनात काय काय आलं ते वहीत लिहिण्याजोगं नव्हतं.

आज आई आली, घसरगाडी ढकलत, थर्मास घेऊन.
बाबा गेल्यापासून ती नदीवर आली नव्हती.
जवळ येऊन सवयीनं म्हणाली,
'देवाची...'
आणि थांबली. तोंडातून वाफ तेवढी आली.

मी भोकातला चुरा बाजूला केला.
'किती आहे?' तिनं विचारलं.
पट्टी तिच्या हातात दिली.
ती गुडघ्यांवर बसली, चष्मा पुसला,
पुन्हा पुसला,
आणि वाकून बघू लागली.